गाडीच्या नेव्हिगेशनचा सिग्नल का जात होता: माझा अनुभव

साताऱ्याहून कास ओलांडून बामणोलीकडे उतरताना माझ्या गाडीच्या स्टिरिओच्या स्क्रीनवरचा बाण एका जागी थिजायचा. मग अचानक उडी मारून शिवसागर जलाशयात जाऊन बसायचा. मी शाळांना प्रयोगशाळेचं साहित्य पोहोचवते, त्यामुळे जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर सारखं जाणं असतं. तिकडे मोबाइलला रेंज जेमतेम, आणि पावसाळ्यात धुकं असं की फाटा मागे पडला तरी कळत नाही. म्हणून तर नकाशे आधीच स्टिरिओत डाउनलोड करून ठेवले होते. पण उपग्रहाचा सिग्नलच नाही म्हटल्यावर नुसता नकाशा काय कामाचा?

स्टिरिओ जिथे बसवला त्या दुकानात तीन खेपा झाल्या. एकदा फॅक्टरी रिसेट, एकदा सॉफ्टवेअर अपडेट. दोन्ही वेळा दुकानासमोर सिग्नल आला आणि घरी पोहोचेपर्यंत गेला. तिसऱ्यांदा "ढगाळ हवा आहे ना, म्हणून" असं ऐकवलं, तेव्हा मात्र मी चिडले. ढगांमुळे जीपीएस बंद पडत नाही. त्याला आडवं येतं ते लोखंड, काँक्रीट, डोंगराचा कडा.

शेवटी घराजवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. या दादांनी आधी काही उघडलंच नाही. उपग्रहांचे आकडे दाखवणारं एक फुकट ॲप स्टिरिओत टाकायला लावलं आणि गाडी मोकळ्या मैदानात उभी केली. त्यात प्रत्येक उपग्रहापुढे त्याच्या सिग्नलचा जोर दाखवणारी एक पट्टी आणि एक आकडा दिसतो. उघड्या आकाशाखाली यातले बरेच आकडे 35 ते 45 असायला हवेत. माझ्याकडे एकही 24 च्या वर नव्हता. जागा नक्की करायला किमान चार उपग्रह नीट पकडावे लागतात. इथे दोनच धरसोड करत होते.

मग स्टिरिओ बाहेर ओढला. जीपीएसची अँटेना म्हणजे काडेपेटीएवढी काळी डबी, तळाला लोहचुंबक. ती स्टिरिओच्या मागे लोखंडी पट्टीखाली पालथी कोंबलेली निघाली. आतली सिरॅमिकची चकती आकाशाकडे तोंड करून असावी लागते, तिचं तोंड जमिनीकडे! एवढी साधी गोष्ट बसवणाऱ्याने पाहू नये, याचं मला अजून वाईट वाटतं. दादांनी केबल मोकळी केली, डबी डॅशबोर्डवर काचेखाली मधोमध सुलटी चिकटवली. आकडे 40 वर गेले आणि मी निश्चिंत मनाने घरी आले.

दुसऱ्याच दिवशी रस्त्यावर बाण पुन्हा थिजला.

परत गेले. "मैदानात काय बंद होतं आणि रस्त्यावर काय चालू असतं ते सांगा, ताई," दादांनी विचारलं. मी म्हटलं, डॅशकॅम. तो आरशाच्या मागे, म्हणजे अँटेनाच्या बरोबर वर होता. चालू केला, आणि डोळ्यांदेखत सगळ्या पट्ट्या खाली बसल्या. 40 चे 23 झाले. माझा फोन कॅमेऱ्याजवळ धरला तर त्याचेही आकडे पडले; मागच्या सीटवर नेला की पुन्हा चढले.

त्यांनी कारण सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात. जमिनीवर येईपर्यंत त्यांचा सिग्नल इतका क्षीण होतो की एका वॅटचे शंभर कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी करा, साधारण तेवढाच हाती लागतो. कॅमेऱ्याच्या सर्किटमधून जी रेडिओ खरखर बाहेर पडते, ती जीपीएसच्या 1575.42 मेगाहर्ट्झ या फ्रिक्वेन्सीच्या आसपास पोहोचली की हा सिग्नल तिच्यात बुडून जातो.

आधी संशय चार्जरवर होता. कॅमेऱ्याची वायर काढून चार्जर नुसता सॉकेटमध्ये ठेवला, आकडे ठीक. कॅमेरा पॉवर बँकेवर चालवला, आकडे पडले. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा आणि त्याच्या वायरचा. वायरला फेराइटची क्लिप, म्हणजे अशी खरखर शोषून घेणारी कडी, लावली; आकडे जेमतेम दोन-तीनने चढले. खरा उपाय अंतराचा निघाला. कॅमेरा आरशाजवळच राहू दिला, त्याची वायर ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबातून खाली आणली आणि अँटेना डॅशबोर्डच्या दुसऱ्या टोकाला नेली. आता कॅमेरा चालू असतानाही आकडे 36 च्या खाली येत नाहीत.

त्यानंतर बामणोलीला चार खेपा झाल्या. उतारावरच्या प्रत्येक वळणावर बाण गाडीसोबत वळतो. फक्त मे महिन्याच्या उन्हात अँटेनाखालची दुहेरी चिकटपट्टी मऊ होऊन डबी घसरली होती. आता तिच्याखाली पत्र्याचा छोटा तुकडा स्क्रूने बसवलाय आणि डबी तिच्या लोहचुंबकाने त्याला घट्ट धरून राहते.