लळिंगनंतरचे दहा मणी

धुळ्याहून नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला पायी जायचं माझं हे तिसरं वर्ष. फेब्रुवारीचा दुसरा शनिवार गाठायचा होता. आम्ही सतराजण सोमवारी पहाटे चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, करून निघालो. लळिंगचा किल्ला दिसेपर्यंत पाय हलके होते.

जपमाळ चुलतभाऊ सांगत होता. सोमवार, म्हणजे आनंदाची रहस्यं, येशूच्या जन्माचे आणि बालपणाचे प्रसंग. त्याचा आवाज खणखणीत, पायात नवे बूट, आणि मुलगा यंदा एमबीबीएसला लागलेला. माझा मुलगा पुन्हा नीटची तयारी करतोय. दोघं बारावीला बरोबर होते. नाताळात भावाकडून फराळाचं ताट आलं, ते मी न उघडताच शेजारी देऊन टाकलं होतं. बायकोला अजून ठाऊक नाही.

घाट चढून गेल्यावर डाव्या टाचेला फोड आला. ऊन डोक्यावर, शेजारून ट्रक जाताहेत, आणि पुढून मण्यामण्याला ‘नमो मरिया’. मला त्या आवाजाचाच राग येत होता. प्रार्थनेचा राग! बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या अध्यायातला येशूचा शिष्य पेत्र आठवला. मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे बघत तो विचारतो, ह्याचं काय? प्रभू म्हणतो, त्याचं तुला काय, तू माझ्यामागे ये. सकाळपासून मी भावाच्या बुटांमागे चालत होतो.

आर्वीच्या अलीकडे बसकण मारली. बाकीचे पुढे गेले. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटणारी एक म्हातारी बांधावर आली.

“कथा जाई राह्यना भाऊ? बठ.” कुठे चाललास, बस, असं तिच्या अहिराणीत.

ती दर चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाते. पाय बघताच घरातून सुईदोरा आणला, सुई काडीच्या ज्योतीवर धरली आणि फोडातून आरपार ओवली. पाणी झिरपत राहावं म्हणून दोरा आतच ठेवला. माझी टाच तिच्या मांडीवर होती. मला फार संकोच वाटत होता. मग तिने गूळ आणि तांब्याभर पाणी दिलं. निघताना पदराच्या गाठीतली दहाची नोट काढली.

“तुमना देवले सांगजो.” जावेचा मुलगा पोलीस भरतीला पळतोय, त्याच्यासाठी.

“आणि तुमचा?”

“तो वावरमा शे.”

एवढंच बोलून ती पऱ्हाट्यांकडे वळली.

मी जपमाळ काढली. पुढचे दहा मणी भावाच्या मुलासाठी म्हणायचे ठरवलं. चौथ्या मण्याला घसा दाटला. सातव्याला पुन्हा चीड आली, म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली. पुरमेपाड्यापर्यंत असे किती वेळा झाले, मोजले नाहीत. मालेगाव, चांदवड, पिंपळगाव गेलं. चांदवडला भाऊ हॉस्टेलबद्दल सांगत होता तेव्हा पुन्हा टोचलं. पुन्हा दहा मणी. त्या रात्री मी त्याला ताटाचं सांगितलं. तो काही बोलला नाही. सकाळी माझी पिशवी त्याच्या खांद्यावर होती.

नाशिकरोडला रांग मोठी होती. म्हातारीची नोट आधी पेटीत टाकली. पहिली मेणबत्ती तिच्या जावेच्या मुलाची लावली, दुसरी भावाच्या मुलाची, आणि तिच्याच ज्योतीवर माझ्या मुलाची पेटवली.