मरेना ती प्रोसेस

'किल डॅश नाइन', म्हणजे प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) जबरदस्तीनं मारायचा लिनक्सचा हुकूम, तीनदा दिला. प्रोसेस जागची हलली नाही.

खानापूर भागातली एक पतसंस्था, आज सकाळची गोष्ट. काउंटरपुढे पासबुकं धरून माणसं उभी आणि सर्व्हरचा लोड (किती प्रोसेस कामात आहेत त्याची सरासरी) 41. सीपीयू बघितला, तर 90 टक्क्यांहून जास्त रिकामा! प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या 'पीएस'च्या स्टेट रकान्यात मात्र ओळीनं डी, डी, डी.

डी म्हणजे कर्नलच्या, लिनक्सच्या गाभ्याच्या आत, बहुतेक वेळा डिस्कच्या उत्तराची वाट बघत झोपलेली. मारायचा सिग्नल दारातच पडून राहतो, ती जागी होईपर्यंत. लिनक्स 1993पासून अशांनाही लोडमध्ये मोजतं, म्हणून आकडा फुगतो.

"मरेना कशी ही," मी पुटपुटलो. रांगेतल्या मावशी म्हणाल्या, "बाळ, मारून काय हुतंय? ती कुणाची तरी वाट बघाय लागलीया न्हवं?"

मी गप्पच झालो. तासभर अडकलेल्यांवरच काठी चालवत होतो. मग प्रोसेस कुठं अडकलीय ते दाखवणारी 'प्रॉक'मधली स्टॅक फाइल उघडली. सगळ्या एकाच जागी थांबलेल्या, जर्नलची (फाइलसिस्टिमच्या बदलांच्या वहीची) नोंद डिस्कवर उतरायची होती. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये '120 सेकंदांहून जास्त अडकली' असा इशारा, आणि त्याच्या वर एकाच डिस्कच्या आय-ओ (वाचण्या-लिहिण्याच्या) एरर. हे आधी वाचायला हवं होतं.

डिस्क बदलली. दुपारी मावशींच्या पासबुकावर नोंद उमटली.

सकाळभर सगळे काउंटरवरच्या पोरीला बोलत होते. तीही वाटच बघत होती की! तिची माफी कुणी मागितली का?