जुन्या टॉवरवर नवी तार

सौरप्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो. त्याची वीज वाहून नेणारी नवी लाईन मात्र सर्व्हे, वनखात्याची परवानगी आणि शेतकऱ्यांचा मोबदला यांत कित्येक वर्षं अडकते. राजस्थानात 2025 मध्ये तेच झालं. ऐन दुपारी, वहनक्षमता अपुरी म्हणून तयार प्रकल्पांना उत्पादन घटवावं लागलं. 220 केव्ही (किलोव्होल्ट) लाईनीला जमिनीचा 35 मीटर रुंदीचा पट्टा लागतो. जो पट्टा आधीच हातात आहे त्यातून किती जास्त वीज नेता येईल, हे नवा पट्टा मागण्याआधी तपासलंच पाहिजे.

आपल्याकडच्या 220 केव्ही लाईनींवर बहुतेक ठिकाणी 'झेब्रा' तार असते. 3.18 मिलिमीटरच्या 54 ॲल्युमिनियमच्या तारा, मधे पोलादाच्या सात. एका सर्किटमधून, म्हणजे तीन फेजच्या एका संचातून, साधारण 200 मेगावॉट जातात. त्यापुढे गेलं की तार तापते, लांबते आणि तिचा झोळ वाढतो. जमिनीपासून किमान 7.015 मीटर अंतर राखावंच लागतं, म्हणून झेब्राला 75 ते 85 अंशांवर थांबवतात. उन्हाळ्यात तापलेल्या तारेखालून उसाने भरलेली ट्रॉली जाते, तेव्हा या आकड्याचं महत्त्व कळतं.

एचटीएलएस (हाय टेम्परेचर लो सॅग), म्हणजे जास्त तापूनही कमी झोळणाऱ्या तारा इथे कामी येतात. त्यांचा गाभा इन्व्हार मिश्रधातूचा किंवा कार्बन तंतूंचा असतो आणि तो तापला तरी फारसा लांबत नाही. जाडी आणि वजन झेब्राच्या आसपासच ठेवता येतं, त्यामुळे टॉवर तेच राहतात. तार 150 अंशांच्या पुढे चालते आणि प्रवाह जवळपास दुप्पट होतो. पण प्रवाह दुप्पट म्हणजे गळती (तार तापण्यात वाया जाणारी वीज) चौपट, शिवाय 75 वरून 150 अंशांवर गेल्यावर तारेचा रोधही सुमारे पाव पटीने वाढतो. सौरऊर्जेसाठी हे परवडतं, कारण पूर्ण भार दिवसाचे काही तासच असतो. चोवीस तास भरलेल्या लाईनीचं गणित वेगळं मांडावं लागतं.

लाईनीची लांबीही बघा. साधारण 80 किलोमीटरपर्यंतच्या लाईनीला उष्णतेची मर्यादा असते आणि तिथे नवी तार खरंच उपयोगी पडते. त्याहून लांब लाईन व्होल्टेज आणि स्थिरतेपाशी अडते. तिथे तार बदलून पैसे वाया जातात. (वाऱ्याच्या विजेला एक नैसर्गिक सवलत आहे. सातारा-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या जोरात फिरतात ते पावसाळ्यात, आणि तोच वारा तारेलाही थंड करतो. एप्रिल-मेच्या दुपारी सौरऊर्जेला ही सवलत नाही.)

सगळ्यात जास्त चुका उपकेंद्रात होतात. तार 1200 अँपिअरची टाकली आणि बे मधला (लाईन उपकेंद्रात जोडली जाते त्या भागातला) सीटी (प्रवाह मोजणारा ट्रान्सफॉर्मर), आयसोलेटर (लाईन वेगळी करणारा स्विच) किंवा वेव्ह ट्रॅप (लाईनीवरून जाणारे संदेश उपकेंद्रात शिरू न देणारी कॉइल) 800 चाच राहिला, तर क्षमता 800 चीच. जम्पर (जोडणीचे तारेचे तुकडे) आणि बस (सगळ्या लाईनी जिला जोडतात तो मुख्य वाहक) यांची क्षमताही तपासा. मग रिले, म्हणजे बिघाड ओळखून लाईन बंद करायला लावणारं उपकरण. डिस्टन्स रिले बिघाड किती दूर आहे ते ओळखतो; त्याचा झोन-3, म्हणजे सर्वांत दूरच्या फॉल्टसाठीचा टप्पा, जुन्या भारावर बेतलेला असेल, तर वाढलेला भार त्याला दूरच्या फॉल्टसारखा दिसतो आणि चांगली लाईन ट्रिप होते. 30 जुलै 2012 रोजी बीना-ग्वाल्हेर 400 केव्ही लाईन अशीच झोन-3 वर सुटली आणि उत्तर भारत अंधारात गेला. सेटिंग बदलल्याशिवाय भार वाढवू नये.

प्रत्यक्ष कामात, एकाच टॉवरवर दोन सर्किट (डबल सर्किट) असतील तर एकेक सर्किट बंद करतात. शेजारचं चालू असतं, त्यामुळे बंद तारेतही इंडक्शनने व्होल्टेज येतं. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग लावल्याशिवाय कोणीही तारेला हात लावायचा नाही. रस्ता, रेल्वे, एलटी (कमी दाबाची) लाईन जिथे ओलांडायची तिथे आधी मचाण बांधायचं. मग जुनी तार काढताना तिच्यामागे पायलट दोर ओढायचा आणि त्याने नवी तार आणायची, टेन्शनरने ताण धरून, जमिनीला न टेकवता. कार्बनच्या गाभ्याला तीव्र वळण सोसत नाही. लहान पुलीवरून ओढला की आत तडा जातो, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि तार पुढे कधीतरी तुटते. म्हणून पुलीचा व्यास कंपनीच्या तक्त्याप्रमाणेच हवा, 'आहे त्यात भागवू' इथे चालत नाही.

जॉइंटवर घाई नको. ॲल्युमिनियम वायर ब्रशने चकाकेपर्यंत घासायचं, लगेच जॉइंटचं कंपाउंड (लेप) लावायचं, मग प्रेस, ठरलेल्या डायने (साच्याने). प्रेस केल्यावर बाहेरचं माप व्हर्नियरने घेऊन नोंदवायचं. आत धूळ किंवा हवा राहिली तर तो जॉइंट तारेपेक्षा जास्त तापतो. लाईन चालू झाल्यावर पहिल्या कडक उन्हाच्या दिवशी, पूर्ण भारावर, थर्मल कॅमेरा घेऊन प्रत्येक जॉइंट आणि जम्पर बघायचा. सकाळी भार कमी असताना काढलेले फोटो काही कामाचे नाहीत.