स्कॅनर म्हणतो गाडी ठणठणीत: टर्बोच्या झटक्यांचा माझा अनुभव

गाडी टर्बो पेट्रोल, म्हणजे इंजिनात दाबाने जादा हवा भरणारा टर्बो असलेली. तक्रार एकच होती. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती जोरात उसळायची आणि पुढच्याच क्षणी कुणी मागून दोर खेचावा तशी आवळली जायची. ताकद गायब, डोकं पुढे, मग पुन्हा सगळं सुरळीत. संथ चालवली तर काही म्हणजे काही नाही. 'चेक इंजिन'चा दिवाही लागत नव्हता आणि घोडं नेमकं तिथंच अडलं.

वर्कशॉपमधल्या सर्व्हिस ॲडव्हायझरने माझं बोलणं अर्धवट ऐकलं आणि गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. "कोड नाहीये सर, गाडी ओके आहे." मी म्हटलं, ओके असती तर आलो कशाला? मग संशय पेट्रोलवर आला: भेसळ असेल, पंप बदलून बघा. त्यानंतर प्लग. प्लग नवे पडले, झटका तसाच. मग फ्युएल फिल्टर. तोही बदलला, झटका तसाच. दर वेळी जॉब कार्डवर एकच ओळ: 'पिकअप प्रॉब्लेम, चेक केले.' काय चेक केलं ते कुठेही नाही.

टेस्ट ड्राइव्हची तर गंमतच. त्यांचा माणूस भर दुपारी, दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या ॲक्सिलरेटरवर एक फेरी मारून यायचा आणि चावी हातात द्यायचा. हा दोष अशा फेरीत सापडणारच नाही. वरच्या गिअरमध्ये इंजिनवर लोड जास्त असतो, टर्बोला दाब चढवायला वेळ मिळतो. हवा थंड असली की ती दाट असते, इंजिनात जास्त भरते, म्हणून झटके पहाटे जास्त आणि दुपारी कमी. हे मी सांगितलं, तेव्हा समोरच्याने मान डोलावली आणि पुन्हा दुपारीच गाडी फिरवून आणली.

आणि कोड का नव्हता? एक तर हा झटका म्हणजे इंधनाचा कट, आणि तो क्षणभराचा असतो. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की इंजिन वाचवायला ईसीयू (इंजिनचा संगणक) इंधन फवारणारे इंजेक्टर बंद करतो, दाब उतरला की चालू करतो. दोष ठरावीक वेळ टिकल्याशिवाय किंवा पुन्हा पुन्हा झाल्याशिवाय बरेच ईसीयू पक्का कोड नोंदवत नाहीत, फार तर 'पेंडिंग', म्हणजे कच्ची नोंद, ठेवतात. दुसरं कारण जास्त चीड आणणारं. एकदा मी शेजारी उभा राहून पाहिलं: त्या माणसाने स्कॅनर जोडला आणि काही वाचायच्या आत 'क्लिअर ऑल' दाबलं. सवयच. पेंडिंग कोड गेला, त्याच्यासोबत नोंदवलेली फ्रीझ फ्रेमही (दोषाच्या क्षणाचे इंजिनचे आकडे) गेली. म्हणून सांगतो, स्कॅनर लागला की आधी स्क्रीनचा फोटो काढा, मगच त्यांना हात लावू द्या. पी ०२३४ म्हणजे दाब जास्त, पी ०२९९ म्हणजे दाब कमी. दोन्हींचा तपास अगदी उलट्या दिशेने जातो.

शेवटी निकाल आला, "टर्बोच बदलावा लागेल सर." कशावरून? तर, "बाकी सगळं बदलून झालं ना."

तिथून गाडी उचलली आणि स्वतःच लॉग, म्हणजे चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद, घ्यायचं ठरवलं. गाडीच्या ओबीडी (निदानाच्या) सॉकेटला लागणारा डोंगल, फोनवर ॲप, मोकळा रस्ता, आणि स्क्रीन बघायला शेजारी दुसरा माणूस. चालवणाऱ्याने फोनकडे बघू नये, हे वेगळं सांगायला नको. मॅप सेन्सरचा (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा निरपेक्ष दाबाचा असतो, म्हणजे त्यात बाहेरच्या हवेचा दाबही धरलेला असतो. म्हणून समुद्रसपाटीला १ बार बूस्ट (टर्बोने चढवलेला जादा दाब) असेल तर ॲप साधारण २०० किलोपास्कल दाखवणार. ते पाहून घाबरू नका. आणखी एक: ओबीडीच्या सर्वसाधारण यादीतला हा आकडा २५५ च्या वर जाऊच शकत नाही. आलेख तिथे सपाट झाला तर दाब थांबला असं समजू नका, मोजपट्टी संपली. ईसीयूने मागितलेला बूस्ट आणि सोलेनॉइडची (बूस्ट आवरणाऱ्या विजेच्या झडपेची) ड्यूटी, म्हणजे तिला किती टक्के वेळ वीज मिळते, हे बघायला कंपनीचे खास पॅरामीटर वाचणारं ॲप लागतं.

माझ्या लॉगमध्ये गोष्ट स्वच्छ दिसली. ईसीयूने मागितलेली रेषा सपाट, खरा दाब तिला ओलांडून वर चढतोय, सोलेनॉइडची ड्यूटी शून्यावर आलेली, तरी दाब चढतोच आहे. मग एकदम इंजेक्टर बंद. माझ्या गाडीच्या रचनेत ड्यूटी शून्य असली की टर्बोच्या कॉम्प्रेसरचा दाब सरळ ॲक्च्युएटरला (दाबावर दांडा ढकलणाऱ्या डबीला) मिळून वेस्टगेट, म्हणजे एक्झॉस्टला टर्बोबाहेरून वाट देऊन दाब आवरणारी झडप, उघडायला हवं. ते उघडत नव्हतं. इंधनाचा दाब आधी पडला असता आणि मिश्रण लीन (हवा जास्त, इंधन कमी) झालं असतं, तर पंप किंवा फिल्टरवर संशय घेता आला असता. बूस्ट जागच्या जागी आणि इंजिन फटफटत असतं, तर प्लग-कॉइल. इथे दोन्ही नव्हतं.

हातपंपाने ॲक्च्युएटरला दाब दिला. दांडा सरकला, दाब टिकला. म्हणजे ॲक्च्युएटरमधला डायफ्रॅम (पडदा) शाबूत, झडपही मोकळी. मग उरली काय? कॉम्प्रेसरकडून येणारी बोटभर जाडीची रबरी नळी. वरून एकदम नवी दिसत होती. क्लिप काढून खालची बाजू वळवली तेव्हा क्लिपच्या काठालगत लांबट चीर दिसली. नुसती ठेवली तर मिटलेली, वाकवली की उघडणारी. दाब आला की हवा तिथून पळायची आणि ॲक्च्युएटर उपाशी. नळी बदलली, झटका गेला.

बऱ्याच नव्या गाड्यांत वेस्टगेट इलेक्ट्रिक मोटरवर असतं, तिथे ही नळी शोधत बसू नका.

मधल्या काळात एकाने 'फ्युएल कट काढून टाकणारं' यंत्र बसवायचा सल्ला दिला होता. ते सेन्सरचा सिग्नल एका मर्यादेवर दाबून धरतं, ईसीयूला जादा हवा कळतच नाही, इंधन कमी पडतं आणि पिस्टन वितळायची वेळ येते. मूळ दोष तसाच राहतो, फक्त झटका बंद होतो. असलं काही बसवू नका.

एक राहिलंच, खरं तर हे सगळ्यात आधी करायचं. इंजिन बंद ठेवून नुसती चावी चालू करा आणि मॅपचा आकडा वाचा. तो बाहेरच्या हवेइतकाच यायला हवा, समुद्रसपाटीला १०० च्या आसपास, उंचावर त्याहून कमी. तिथेच फरक पडला तर सेन्सर किंवा त्याचं वायरिंग तपासा, नळ्या नंतर.