समुद्र नसलेल्या गावात नौदलाची मानवंदना

स्वीडनच्या वेर्मलांड भागातलं फिलिपस्टाड हे समुद्रापासून बरंच आत, तळ्यांमध्ये वसलेलं छोटं गाव. तिथे जॉन एरिक्सन या स्वीडिश अभियंत्याची समाधी आहे. 8 मार्च 1889 ला तो न्यू यॉर्कमध्ये वारला आणि पुढच्या वर्षी अमेरिकी नौदलाने त्याला मायदेशी आणून सोडलं. याचं कौतुक आवरत नाही, कारण तो त्या नौदलात कधीच नव्हता. ‘कॅप्टन’ ही पदवी स्वीडिश लष्करातली.

उलट त्याच नौदलाने त्याचे पैसे बुडवले होते. स्क्रूवर, म्हणजे पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्यावर, चालणाऱ्या ‘प्रिन्स्टन’ या युद्धनौकेची रचना त्याची. 28 फेब्रुवारी 1844 ला तिच्यावरची तोफ फुटून दोन मंत्री गेले. ती तोफ नौकेचा कप्तान स्टॉकटन याची. एरिक्सनच्या तोफेला चाचणीत तडा गेला तेव्हा तिच्यावर लोखंडी कडी तापवून घट्ट बसवली होती, स्टॉकटनच्या तोफेला तशी कडी नव्हती. तरी ठपका एरिक्सनवर! तोच माणूस 1862 मध्ये ‘मॉनिटर’ ही चिलखती युद्धनौका उभी करून देतो, सुमारे शंभर दिवसांत. आतून 20 फूट व्यासाचा फिरता बुरूज, एकावर एक 1 इंची 8 पत्रे, 11 इंची दोन तोफा.

23 ऑगस्ट 1890 ला शवपेटी घेऊन ‘बाल्टिमोर’ न्यू यॉर्कहून निघाली. ही क्रूझर त्याच जानेवारीत सेवेत आलेली, कप्तान विन्फील्ड श्ले, आणि ढकलणारे दोन स्क्रू. त्याचीच विद्या त्याला घरी घेऊन गेली.

नौदलाच्या शोकसलामीत घाई चालत नाही. एरवी दोन बारांत साधारण पाच सेकंद, शोकाला मिनिटाला एक. काडतूस बिनगोळ्याचंच असतं, पण एखादं पेटलं नाही तर ताल तुटतो, म्हणून शेजारची तोफ भरून ठेवायची. निशाण थेट अर्ध्यावर नेत नाहीत. आधी टोकाला चढवायचं, मग अर्ध्यावर आणायचं. संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा टोकाला नेऊनच. आपल्या ध्वजसंहितेतही नेमकं हेच आहे, त्यामुळे हे काही फक्त त्यांनाच कळतं असं नाही.

तरी तुलना टोचते. श्यामजी कृष्णवर्मा 1930 मध्ये जिनीव्हात गेले, अस्थी परतल्या 2003 मध्ये. पारतंत्र्यात आपलं नौदल होतंच कुठे? आणि विठ्ठलभाई पटेलांचा देह 1933 मध्ये बोटीने मुंबईला आलाच की. पण 1947 नंतरच्या 56 वर्षांना उत्तर सापडत नाही.

मुंबईला तर एरिक्सनची कल्पना जवळची. बंदराच्या रक्षणासाठी ‘मॅग्डाला’ आणि ‘अॅबिसिनिया’ या बुरूजवाल्या मॉनिटर नौका 1870 मध्ये बांधून झाल्या आणि त्यांची सगळी हयात मुंबईतच गेली.

एरिक्सनच्या शवपेटीचा स्टॉकहोमहून पुढचा प्रवास रेल्वेने झाला. फिलिपस्टाडची समाधी बांधून पुरी झाली 1895 मध्ये.