आमची वाटचाल : तिकीट, व्हिसा आणि त्यानंतरचे काम

आमच्या वडिलांनी १९८६ साली दादर पश्चिमेला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर प्रवासी सेवेचे छोटे कार्यालय थाटले, त्या वेळी सहलीसाठी परदेशी जाणारा माणूस त्यांच्या हिशेबात जवळजवळ नव्हताच. पायरी चढून येणारी गिऱ्हाइके बहुतांशी रत्नागिरी, चिपळूण, महाड, श्रीवर्धन या पट्ट्यातून कुवेत, मस्कत किंवा दुबईला नोकरीसाठी निघालेली असत. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार कमी शिकलेल्या कामगाराला सरकारी परवानगीवाचून आखातात कामाला जाता येत नसे, आणि ज्यांना ती लागत नसे त्यांना पासपोर्टवर तसा शिक्का मारून घ्यावा लागे. या परवानग्यांची आणि शिक्क्यांची कामे करून देणे हाच आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग होता. भारतातून परदेशी गेलेल्यांची संख्या १९९१ मध्ये सुमारे १९ लाख होती, ती २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ६९ लाखांवर पोहोचली, असे सरकारी आकडे सांगतात. त्यांत हौशी प्रवासी, कामगार, विद्यार्थी आणि मुलांकडे निघालेले आईवडील हे सगळेच मोजलेले असल्यामुळे, ही सारी वाढ पर्यटनाची म्हणून कोणी सांगू लागले की आम्ही ती थोडी जपूनच घेतो.

मराठी माणसाला फिरण्याची हौस नव्हती असे मुळीच नाही. काश्मीर आणि चारधामच्या सहली त्या काळीही भरून जात. परदेशाचे घोडे अडत होते ते परकीय चलनापाशी. परकीय चलनाचे नियमन करणाऱ्या १९७३ च्या फेरा कायद्याच्या राज्यात डॉलर मोजूनमापून मिळत, आणि रुपये गाठीशी असलेल्या माणसालाही ते हवे तसे बाहेर खर्च करता येत नसत. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले, लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले, आणि आमची आखाती तिकिटे काही काळ पार थांबली. त्यानंतरच्या आर्थिक सुधारणा, जून २००० मध्ये फेराच्या जागी आलेला फेमा कायदा, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर पाठवण्याची दिलेली मुभा, जी २०१५ पासून अडीच लाख डॉलर झाली, या टप्प्यांनी चित्र पालटले. मध्यमवर्गाच्या परदेशवारीचा पाया जाहिरातींपेक्षा या परिपत्रकांनी घातला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जगभरात ही वाट आधीच रुंद झालेली होती. १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय पर्यटकांच्या आगमनांची नोंद अडीच कोटींच्या आसपास होती, ती २०१९ मध्ये सुमारे १४६ कोटींवर गेली. या वाढीमागे जेट विमाने, पगारी रजा आणि १९७० पासून व्यावसायिक सेवेत आलेले जंबो जेट यांचा मोठा वाटा होता, कारण एका फेरीत इतकी माणसे बसू लागल्यावर दर आसनामागचा खर्च उतरला. आम्ही या प्रवाहात उशिरा, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस उतरलो. तेव्हा युरोप म्हणजे स्वित्झर्लंड, आणि स्वित्झर्लंड म्हणजे यश चोप्रांनी पडद्यावर दाखवलेली हिरवी कुरणे, असे समीकरण गिऱ्हाइकांच्या मनात पक्के होते. पुढे २०१६ मध्ये तिथल्या इंटरलाकेन गावाने चोप्रांचा पुतळा उभारला, यावरून त्या गावाला भारतीय पाहुण्यांचे मोल किती वाटत होते ते कळते.

त्या गटसहलींचे आखणीपत्र कसे बनते, हे थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे. गिऱ्हाइकाला पंधरवड्यात लंडन, पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, स्वित्झर्लंड आणि रोम हवे असते. पण युरोपीय नियमांनुसार बसचालकाने साडेचार तास गाडी चालवली की त्याला ४५ मिनिटांची विश्रांती द्यावी लागते, दिवसाचे चालवणे सर्वसाधारणपणे ९ तासांच्या आत ठेवावे लागते, आणि रात्रीची सलग विश्रांती ११ तासांची धरावी लागते. त्यामुळे पॅरिसमध्ये रोषणाई पाहायला रात्री उशिरापर्यंत बस थांबवली, तर दुसऱ्या दिवशीचे निघणे आपोआप पुढे सरकते. सकाळच्या नाश्त्याला पोहे हवेत की नकोत यावर आमच्या टूर मॅनेजरांशी गिऱ्हाइकांनी जितका वाद घातला असेल, त्याहून अधिक वाद या ११ तासांवरून झाले आहेत. गटसहलीचा साचेबंदपणा ही आयोजकांची आवड असते असा समज आहे. प्रत्यक्षात त्यातला बराचसा भाग चालकाच्या गाडीतल्या, चालवण्याचे आणि विश्रांतीचे तास टिपणाऱ्या नोंदयंत्राने ठरवलेला असतो.

सहलीत कोणते देश बसतील, हे व्हिसाही ठरवतो. अनेक युरोपीय देश एकाच व्हिसावर पाहू देणारी शेंगेन व्यवस्था मार्च १९९५ मध्ये लागू झाली आणि हळूहळू एका व्हिसावर पाहता येणाऱ्या देशांची संख्या वाढत गेली. स्वित्झर्लंड त्यात डिसेंबर २००८ मध्ये आले, आणि २००२ पासून युरोच्या नोटा हाती आल्यामुळे फ्रेंच फ्रँक, लिरा, गिल्डर अशी पाकिटे वेगवेगळी बांधून देण्याचे काम त्याआधीच संपले होते. ब्रिटनच्या व्हिसाची फाइल मात्र पहिल्यापासून स्वतंत्र आहे.

२००८ हे वर्ष आमच्या धंद्याला वेगळ्याच कारणाने लक्षात राहिले आहे. तोपर्यंत विमान तिकीट म्हणजे मागे लाल कार्बन असलेल्या कूपनांची चोपडी असे, आणि कोऱ्या चोपड्या कपाटात कुलपाखाली ठेवाव्या लागत, कारण त्यांची जोखीम रोख रकमेसारखीच होती. १ जून २००८ पासून कागदी तिकिटे बंद झाली. त्याच वर्षी अनेक विमान कंपन्यांनी एजंटांचे कमिशन, जे पूर्वी ९ टक्के होते आणि टप्प्याटप्प्याने ५ टक्क्यांवर आले होते, ते शून्यावर आणले. गिऱ्हाइकाला घरबसल्या तेच तिकीट त्याच भावात दिसू लागले. दादर-माहीम परिसरातील आमच्या ओळखीची काही कार्यालये याच काळात बंद झाली. आम्ही तिकिटावरचा भरवसा सोडला आणि सेवाशुल्क आकारून व्हिसाच्या फायली, विमा, हॉटेले आणि स्थानिक व्यवस्था एकत्र बांधून देण्याकडे वळलो.

मार्च २०२० ची कहाणी लांबवत नाही. २३ मार्चपासून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे बंद झाली ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. मे महिन्याचे सगळे गट भरलेले होते, आणि एका विमान कंपनीने आमचे पैसे रोख परत न देता पुढील प्रवासासाठीच्या जमेत अडकवून ठेवले. गिऱ्हाइकांना आम्ही हप्त्याहप्त्याने परतफेड केली.

त्यानंतर परत आलेले पर्यटन पूर्वीचे राहिलेले नाही. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेश दिला, व्हिएतनामचा व्हिसा आधीपासूनच ऑनलाइन मिळत होता, आणि कमी इंधन खाणाऱ्या लहान विमानांमुळे भारतातून कझाकस्तानातील अल्माटी, जॉर्जियातील तिबिलिसी, अझरबैजानातील बाकू अशा शहरांची थेट उड्डाणे वाढली. व्हिसाची फाइल लागत नाही म्हटल्यावर लोक पंधरा दिवस आधी ठरवतात आणि शनिवार-रविवारला दोन रजा जोडून निघतात. शाळेचे मंडळ बदलले की सुट्टीही बदलते, त्यामुळे पूर्वी एकट्या मे महिन्यात होणारी गर्दी आता दिवाळी, नाताळ आणि जूनमध्येही विभागली आहे. चाळिसांचा गट आम्ही आता क्वचित बांधतो. दोन-तीन कुटुंबे मिळून एक व्हॅन, एकट्या निघणाऱ्या महिलांचे छोटे गट, आणि निवृत्तांसाठी एकाच गावात आठवडाभर मुक्काम, अशी मागणी अधिक आहे. शेंगेन देशांसाठी युरोपीय संघाने एप्रिल २०२४ मध्ये पूर्वी व्हिसा घेतलेल्या भारतीयांना दोन वर्षांचा बहुप्रवेशी व्हिसा देण्याची सोय केल्यापासून तर केवळ पोर्तुगाल किंवा केवळ नॉर्वे मागणारी जुनी गिऱ्हाइके पुन्हा येऊ लागली आहेत. उलट, अमेरिकेत मुलाकडे जाऊ पाहणाऱ्या आईवडिलांना करोनानंतर मुलाखतीच्या तारखेसाठी मुंबईत वर्षाहून अधिक थांबावे लागले, आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी मुलालाच मधल्या वाटेवर, दुबईला किंवा इस्तंबूलला, बोलावून घेतले. कुटुंबाने तिसऱ्याच देशात भेटणे, हा सहलीचा प्रकार आम्ही शोधलेला नाही. तो गिऱ्हाइकांनी आमच्याकडे आणला.

यजमान गावेही आता मोजूनमापून पाहुणे घेतात. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून ५ युरो घेण्यास सुरुवात केली, बाली दीड लाख इंडोनेशियन रुपिया घेते, आणि भूतान सप्टेंबर २०२२ पासून भारतीयांकडून दर रात्री १२०० रुपये घेते. आम्हाला हे गैर वाटत नाही, परंतु दरपत्रकात ते पहिल्या दिवसापासून दाखवावे असा आमचा आग्रह असतो. परदेश सहलींच्या पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून जो कर आधी गोळा करावा लागतो, त्याचे दर आणि मर्यादा अनेकदा बदलल्या असल्यामुळे, तो कसा परत मिळतो हे समजावून सांगण्यात मात्र खरा वेळ जातो.

युरोपच्या सगळ्या सहली आखाती विमानतळांवर विमान बदलून नेणे किती नाजूक आहे, ते २३ जून २०२५ रोजी कतारचे हवाई क्षेत्र काही तासांसाठी बंद झाले तेव्हा दिसले. तेव्हापासून आम्ही परतीच्या जोडउड्डाणांत किमान चार तासांचे अंतर ठेवतो आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी, थोडे महाग पडले तरी, थेट विमान सुचवतो. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येत असल्याने मे महिन्याच्या गटांची नावनोंदणी आम्ही आता फेब्रुवारीऐवजी दिवाळीनंतर लगेच सुरू करतो, आणि कागदपत्रांची यादी मराठीतून, छापील स्वरूपात, नोंदणीच्याच दिवशी हातात देतो.