फोड किती दिवसांचा होता?

कातडीच्या तुकड्यांची बाटली संध्याकाळी आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आली, इंदूरमधल्याच एका दवाखान्यातून. फॉर्मवर एवढंच: वय ७४, स्त्री, अंगावर फोड, पेम्फिगस? म्हणजे शरीर स्वतःच्याच कातडीवर उलटल्यानं फोड येणारा एक आजार, असा त्यांचा संशय. फोड कधीचा, तुकडा कुठून काढला, तोंडात काही आहे का, बाई कुठली औषधं घेतात, हे सगळे रकाने कोरे. दोन तुकडे होते आणि दोन्ही एकाच फॉर्मॅलिनमध्ये, तुकडा टिकवायच्या नेहमीच्या द्रावात, बुडवलेले. इथेच माझं डोकं फिरलं.

फोडांच्या आजारात तुकडे दोन लागतात ते उगाच नाही. एक कोवळ्या, न फुटलेल्या फोडाच्या कडेचा. तो फॉर्मॅलिनमध्ये, नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडसाठी. दुसरा फोडाशेजारच्या, दिसायला चांगल्या असलेल्या कातडीचा, सेंटिमीटरभराच्या आतला. तो इम्युनोफ्लुरोसन्ससाठी. पेशंटच्याच शरीरानं स्वतःच्या कातडीवर सोडलेल्या अँटिबॉडी नेमक्या कुठे चिकटल्या आहेत, ते त्यात दिसतं. फॉर्मॅलिन लागलं की त्या तपासणीसाठी तुकडा वाया. त्यासाठी मिशेल मीडियम असतं, त्यात तुकडा बर्फाशिवायही काही दिवस टिकतो. त्याच्या बाटल्या भरून, चिठ्ठ्या चिकटवून मी स्वतः दवाखान्यांना वाटल्या आहेत. त्या फ्रीजमध्ये लशींच्या मागे पडून असतात. बरं, त्याही नकोत. साध्या सलाइनमध्ये टाकून त्याच दिवशी पाठवला तरी काम भागतं. सलाइन नसलेला दवाखाना मला दाखवा!

दुसऱ्या दिवशी स्लाइड निघाली. आमच्याकडची नवी डॉक्टर हुशार आहे. तिनं मसुदाही तयार ठेवला होता: एपिडर्मिसच्या, म्हणजे कातडीच्या वरच्या थराच्या आत, तळच्या पेशींच्या वर फट, पेम्फिगस व्हल्गॅरिस, म्हणजे पेम्फिगसचा नेहमीचा प्रकार. पहिल्या नजरेला तसंच दिसत होतं. फोडाच्या तळाशी पेशींचा एक थर स्पष्ट होता, म्हणजे फट त्याच्या वर.

मी म्हटलं, तळाच्या पेशी बघ, उभ्या आहेत का? पेम्फिगसमध्ये पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर हल्ला होतो, डेस्मोग्लीन ३ वर, बरेचदा १ वरही. वरच्या पेशी सुट्या होऊन गोल होतात आणि पोकळीत तरंगतात. तळची रांग मात्र खाली घट्ट रोवलेली, ताठ राहते. इथे तळाच्या पेशी आडव्या, चपट्या झालेल्या. पोकळीत गोल सुटी पेशी एकही नाही, नुसते इओसिनोफिल, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी. आणि कडेला सरकवलं तर तो थर बाजूच्या एपिडर्मिसमधून निघून आत पसरत आलेला. दुधावर साय धरावी तशी नवी कातडी फोडाच्या तळावर धरत होती. म्हणजे फोड मुळात एपिडर्मिसच्या खाली झाला होता. तो काही दिवस जुना असल्यामुळे भरत आला होता आणि पेम्फिगसचं सोंग घेऊन बसला होता. पुस्तकातले फोटो ताज्या फोडांचे असतात, तिचा काय दोष?

पेम्फिगस आणि एपिडर्मिसच्या खाली फोड येणारा बुलस पेम्फिगॉइड हे वेगळे आजार आहेत, हे वॉल्टर लीव्हरनं १९५३ मध्ये मांडलं ते असल्याच स्लाइड बघून. आजही त्या फरकावर उपचार ठरतात. पेम्फिगस म्हटलं की पोटातून स्टेरॉइडचा भरपूर डोस. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, त्यातून डायबेटिस असलेल्या बाईला तो कसा मानवणार? पेम्फिगॉइडमध्ये अंगभर तीव्र स्टेरॉइडचं मलम लावूनही काम होतं. २००२ च्या फ्रेंच अभ्यासात तर मोठ्या प्रमाणावर फोड असलेल्या पेशंटमध्ये मलमवालेच जास्त जगले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला, दुसरा तुकडा द्या म्हटलं. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, पेम्फिगस लिहून टाका ना, ट्रीटमेंट अडलीय." ट्रीटमेंट अडते ती पॅथॉलॉजिस्टमुळे, कोऱ्या फॉर्ममुळे कधीच नाही.

शेवटी काउंटरवर रिपोर्ट घ्यायला आलेल्या मुलालाच आत बोलावलं. रामबागेतलं कुटुंब. त्यानं पाच मिनिटांत सगळं सांगितलं: आईला चार-पाच महिने नुसती खाज होती, मग फोड आले, तोंडात काही नाही, फोड "असाच टणक, दाबला तरी फुटत नाही." ज्यातून तुकडा काढला तो आधीच्या आठवड्यातला. पिशवीतून त्यानं औषधांचं पाकीटही काढलं. त्यात व्हिल्डाग्लिप्टिन होतं, वर्षभरापासून. ग्लिप्टिन गटातल्या शुगरच्या गोळ्या आणि पेम्फिगॉइड यांचा संबंध आता चांगलाच माहीत झाला आहे.

दुसरा तुकडा सलाइनमध्ये घालून त्यानं स्वतः आणून दिला. क्रायोस्टॅटवर, म्हणजे तुकडा गोठवून कापायच्या यंत्रावर, सेक्शन कापून, खोलीतले दिवे घालवून बघितलं तर एपिडर्मिसच्या बुडाशी सलग हिरवी रेघ, आयजीजी या अँटिबॉडीची आणि तिच्या जोडीनं येणाऱ्या सी३ या प्रथिनाची. उरलेला भाग एक मोलर मिठाच्या पाण्यात फ्रीजमध्ये ठेवला. त्यानं कातडी एपिडर्मिस आणि खालचा थर यांच्या नेमकी जोडावर सुटते आणि अँटिबॉडी छताला राहिल्या की तळाला, ते कळतं. तळाला असत्या तर जास्त चिवट आजाराचा विचार करावा लागला असता. छताला होत्या. नवी डॉक्टर कितीतरी वेळ मायक्रोस्कोपच्या आयपीसवरून उठेना.

रिपोर्टमध्ये बुलस पेम्फिगॉइड लिहिलं आणि खाली एक ओळ: पेशंट ग्लिप्टिन घेत आहे, त्याचा विचार व्हावा. या ओळीवरून शुगरचे डॉक्टर भडकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाईंची साखर आटोक्यात आली आहे आणि तुम्ही स्लाइड बघून माझी गोळी बंद करणार? त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. गोळीमुळे झालेला पेम्फिगॉइड आणि आपसूक झालेला, यांतला फरक मला स्लाइडवर दाखवता येत नाही. रेघ तीच, छत तेच. पण मग पाकीट डोळ्यांनी बघून गप्प बसायचं का? नवी डॉक्टर म्हणाली, हे आपलं काम नाही. मी ती ओळ तशीच ठेवली.

गोळी बदलली आणि मलमही सुरू झालं, दोन्ही एकाच आठवड्यात. नवे फोड येणं थांबलं, असं मुलानं कळवलं. गोळी बंद केल्यामुळे की मलमामुळे, हे आता कुणीच सांगू शकणार नाही, आणि शुगरचे डॉक्टर अर्थातच मलमाचं नाव घेतात. मी फॉर्म नव्यानं छापून घेतला आहे. औषधांचा आणि फोडाच्या वयाचा रकाना सगळ्यात वर, ठळक अक्षरांत. भरून येणारे थोडेच असतात. बाकीच्यांसाठी मी काउंटरवरच्या मुलीला सांगून ठेवलंय, नातेवाईक आले की पाकिटाचा फोटो काढून घे.